सहावी पायरी

हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला निसर्ग हवा होता,
पण फार नको.
फुलं नकोत, हरणं नकोत,
मधोमध तो पदकासारखा गोल तर मुळीच नको.
"एखादं तळं चालेल," असं त्यानं लिहिलं,
"वरून पाहिल्यासारखं. सोफा करडा आहे."

उपग्रहाच्या चित्रातून मी उर्मियाचं सरोवर उचललं.
तब्रीझच्या माझ्या खोलीत, चौकड्यांच्या कागदावर,
सात सेंटिमीटरला तीस गाठी या हिशेबानं
त्याचं पाणी मोजून बसवलं:
पांढरा, मग मळका पांढरा,
मग उन्हाळ्यात मिठाला चढते ती लाली,
आणि वरच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा, निळा.
खरंच तेवढं उरलं होतं.

रंगारी बहलूलनं लाली मंजिष्ठेतून काढली,
करडा अक्रोडाच्या टरफलांतून.
निळीच्या रांजणाशी तो घुटमळला.
"एवढ्याशा लोकरीसाठी रांजण जागवायचा?"
म्हणून हाताला लागल्या त्या सगळ्या लडी बुडवल्या.
उरेल ती उरेल म्हणाला.

उरली नाही.

शरफखान्यात सोलमाझच्या घरी माग उभा आहे,
बोटी सुटायच्या त्या धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर.
एक बोट अजून आहे, मिठात कमरेइतकी रुतलेली;
तिच्या सावलीत पोरं चेंडू खेळतात.
चौथ्या महिन्यात मी गेले, टेप लावली
आणि माझा आवाज चढला.
कागदावर निळा जिथं संपतो
तिथून तो चार बोटं, आठ बोटं, वीतभर,
दोन विती खाली उतरून आला होता.

सोलमाझनं आकडीचा हात थांबवला नाही.
गाठ, सुरी. गाठ, सुरी.
"तुझ्या नकाशात धक्का कोरडा आहे," ती म्हणाली.
"त्या पायऱ्यांवर मी पोहायला शिकले.
शिकले म्हणजे काय, त्या पाण्यात बुडताच येत नसे,
मीठच माणसाला वर ढकलायचं.
डोळ्यांत गेलं की मात्र बोंब.
पाचव्या पायरीवर खडे होते मिठाचे, काचेसारखे.
हे बघ."
घोट्यावर पांढरी खूण होती.
"आता सांग, पाचव्या पायरीला मी कोरडं कसं विणू?"

उसवायला सांगणार होते.
मजुरी, वाया गेलेला महिना, हॅम्बुर्गची तारीख,
सगळं जिभेवर आलं होतं.
निघालं ते असं: सहावी पायरी कुठं येते?
तिनं आकडीच्या टोकानं ताण्यावर दाखवली.
मी खिशातून पेन्सिल काढली.
रात्री हॅम्बुर्गला कळवलं,
तळं जरा वाढलंय.

फणीचे ठोके संपले, कातरणी झाली, धुलाई झाली.
टँकरचं पाणी, तेही दोनदा मागवावं लागलं.
कॅटलॉगच्या फोटोसाठी गालिचा आम्ही
सरोवराच्या तळावर नेला, दोघी दोन टोकांना धरून.
पायांखाली मीठ कुरकुरत होतं.
उलगडला.
एवढ्या पांढऱ्यावर तो
कुणाच्या तरी हातून सांडल्यासारखा दिसला.

सोलमाझचा सासरा अय्वाज मागोमाग आला होता.
बोटीवर तिकिटं फाडण्यात ज्याची सत्तावीस वर्षं गेली.
मला वाटलं, आता किंमत विचारेल.
तो काठाशी थांबला. बूट काढले,
ते तर कुणीही काढतं.
मग वाकला, एका हातानं गुडघा धरून,
आणि विजारीचा एकेक पायचा
घडीवर घडी घालत
पोटरीच्या वर नेला.

मी कॅमेरा खाली केला.
"उतरा, बाबा," सोलमाझ म्हणाली,
"इथं खोल नाहीये."